सामान गाडीपर्यंत

पाहुणा जेवून उठला की चांगला वेटर टेबलाकडे बघत नाही. म्हणजे बघतो, पण बघत नसल्यासारखा. बिलाच्या काळ्या फोल्डरमधून नोटेचा कोपरा बाहेर डोकावतोय की बडीशेपच तेवढी उरलीय, हे त्याला पाठमोरं असतानाही कळतं. आयुष्यातली बरीच वर्षं मी हे न बघण्याचं काम केलं आणि पुढे कॅप्टन झाल्यावर ते दुसऱ्यांना शिकवलं. कॅप्टन म्हणजे वेटरांचा मुकादम. माझ्या पुतण्याच्या सासऱ्यांनी एकदा मला मोठ्या आदराने विचारलं होतं, "कुठल्या जहाजावर असता?" मी म्हटलं, "जेवणाच्या हॉलवर. बुडत नाही, पण हेलकावे फार."

आमचं रिसॉर्ट श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून, बोर्ली पंचतनपासून रिक्षाच्या अंतरावर. नाव लिहीत नाही. मालक हयात आहेत आणि दिवाळीला त्यांचा फराळाचा डबा अजून घरी येतो. डबा उत्तम असतो.

फाटकावर पाहुण्याला देव मानणारं संस्कृत वाक्य पितळी अक्षरांत बसवलेलं होतं. गाडी आत आली की शंख वाजे, डोक्याला फेटा बांधला जाई, हातात कोकम सरबत येई. शंख वाजवणारा पोरगा माळ्याकडचा. एरवी तो नारळ सोलायचा. देवांचं एकच विचित्र होतं, या देवळात दक्षिणा देवांनी पुजाऱ्याला द्यायची होती. आणि पुजाऱ्याचा पगार त्या हिशेबानेच ठरलेला.

हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं म्हणून सांगतो. नोकरीला माणूस आला की मालक पगाराचा आकडा सांगत. माणसाचा चेहरा उतरे. मग मालक दुसरं वाक्य बोलत, "वर टीप आहे ना." हे दुसरं वाक्य म्हणजेच खरा पगार, आणि तो मालक देत नसत. पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, असं मी कुठेतरी वाचलंय. शब्द या किनाऱ्यावर चांगला रुजला. वस्तूचं तसं काही झालं नाही.

वाचनाचं विचाराल तर तेही या नोकरीनेच दिलं. लोक खोल्यांत पुस्तकं विसरून जात. चार्जर विसरला तर फोन येतो, पुस्तकासाठी कधी कुणाचा आला नाही. बहुतेकांत पहिल्या दहा-वीस पानांतच खूण घातलेली असे. त्यापुढचं मी वाचलं.

तर टिपेचा कायदा. हॉलमध्ये मिळालेली टीप सामाईक पेटीत जायची आणि सोमवारी, गर्दी ओसरल्यावर, सगळ्यांत वाटली जायची. त्यात भटारखाना आला, भांडी घासणाऱ्या बायका आल्या. पण निघताना गाडीपर्यंत सामान नेणाऱ्याला जे मिळेल ते त्याचं एकट्याचं. हा कायदा कुणी केला, माहीत नाही. मी लागलो तेव्हापासून होता आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. बिलात 'सेवाशुल्क' म्हणून एक ओळ असे. ती वाचून पाहुणा समजे की आपलं देणं झालं. ती रक्कम कुठे जाई, हे आम्ही विचारलं नाही आणि मालकांनी सांगितलं नाही, त्यामुळे कधी भांडण झालं नाही.

पुढे बऱ्याच जणांच्या खिशातून रोकडच गेली. "अरे, सुट्टे नाहीत रे, सगळं मोबाइलवर." मग ताऱ्यांचे दिवस आले. एक गृहस्थ तीन दिवस सहकुटुंब राहिले, रोज रात्री जेवण खोलीवर मागवलं. निघताना वेटरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं नाव घालून पाच तारे देतो, बघच तू." दिलेही. मालकांनी तो अभिप्राय छापून स्वागतकक्षात चौकटीत लावला. वेटर येता-जाता स्वतःचं नाव वाचायचा. त्या आठवड्यात त्याच्या घरचा गॅस संपलेला होता.

आणखी एक जात असे, संस्कार करणाऱ्यांची. हे स्वतः टीप देत नाहीत. चार वर्षांच्या पोराच्या हातात नोट देऊन म्हणतात, "दे बेटा, अंकलना दे." पोर नोट सोडत नाही. अंकल वाकून उभा. आई कौतुकाने मोबाइलवर टिपतेय. शेवटी पोर रडतं आणि अंकलच म्हणतो, "राहू द्या मॅडम."

या सगळ्यात हसू टिकवणं ही खरी नोकरी. आणि ते आमच्यात दिनेशला सगळ्यात चांगलं जमे, कारण त्याला ते टिकवावं लागतच नसे. बोर्लीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात त्याचं गाव. घरची थोडी भातशेती, बायको सुनीता आणि एक मुलगी. दिनेश हसला की पूर्ण हसायचा, कान हलायचे. रुसलेली पोरं त्याच्या हातून जेवत. तक्रार करायला उठलेला माणूस त्याला बघून परत बसे. सोमवारच्या पेटीतला बराच भाग त्याच्या हसण्याचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो मात्र वाट्याला येईल तेवढंच घेई. "मी एकटा हासतो व्हय? मच्छी हमीदभाई रांधतात."

दिवाळीच्या तोंडावर, ऐन सीझन सुरू होताना, एका सकाळी तो तोंडावर रुमाल धरून आला. चूळ भरताना पाणी एका बाजूने सांडत होतं. डावा डोळा मिटत नव्हता. रुमाल काढला तेव्हा अर्धा चेहरा दिनेशचा होता आणि अर्धा कुणाचाच नव्हता.

म्हसळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा पक्षाघात नव्हे. चेहऱ्याच्या एका नसेला सूज आली आहे. गोळ्या घ्यायच्या, डोळा जपायचा, आणि अलिबागला एक बाई आहेत, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा शेक आणि व्यायाम. बहुतेकांचा चेहरा पूर्ववत होतो, मात्र या काही महिन्यांत हयगय नको.

अलिबाग म्हणजे आधी दिघी, मग बोटीने आगरदांडा, मग मुरूड, रेवदंडा करत एसटी. जाऊन येऊन दिवस मोडतो. आमच्याकडे मोडलेल्या दिवसाचा पगार कापला जात असे. तोही एक कायदा, आणि तो कुणी केला ते मला माहीत होतं.

मालकांनी दिनेशला पाहिलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "कॅप्टन, वाईट वाटतं हो. पण हॉलमध्ये नको. लोक जेवत असतात, फोटो काढतात. त्याला सामानावर घ्या. बरा झाला की बघू."

मी दिनेशला सांगितलं. तो म्हणाला, "नाना, त्वांड वाकडं झालंय, हात न्हाय." पण गेला.

पहिले काही दिवस वाईट गेले. बॅगा डिकीत ठेवायच्या, बाजूला उभं राहायचं, आणि हसायचं तर हसू अर्ध्यात अडकायचं. लोक दचकत. मग एका रविवारी एका वयस्कर बाईंनी गाडीत बसता बसता विचारलं, "काय झालं रे बाबा? लकवा?"

दिनेश सरळ माणूस. म्हणाला, "न्हाय मॅडम, नस सुजलीय. डॉक्टर बोलले व्हईल बरं."

"मग देवाची कृपा," म्हणून बाईंनी काच वर केली.

पुढच्याच्या पुढच्या गाडीला तोच प्रश्न आला. या वेळी त्याला बोलायला वेळच मिळाला नाही, नुसती मान हलली. त्या माणसाने पाकीट काढलं, आधी एक नोट काढली, ती परत ठेवली आणि मोठी काढली. "घरी कोण कोण आहे?" दिनेश म्हणाला, "बायको हाय. पोरगी हाय. बारावीला हाय, नर्सिंगला जायचं बोलते." त्या माणसाने आणखी एक काढली.

संध्याकाळी दिनेश भटारखान्याच्या मागच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "नाना, वीस वर्सं सरळ तोंडानं वाढलं. कुनी इचारलं का, दिनेश, घरात कोन हाय?"

मी स्वतःही त्याला फारसं विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो "व्हय, लकवा" म्हणायला लागला. ते खोटं होतं असं मला म्हणवत नाही. लोक स्वतःच उत्तर घेऊन येत, तो फक्त हो म्हणे. पण हळूहळू त्या हो म्हणण्यात सफाई आली. कुठे थांबायचं, डोळा रुमालाने कधी टिपायचा, मुलीचं नाव कधी घ्यायचं. हॉलमध्ये सुरमई कशी वाढावी हे जसं तो मन लावून शिकला होता, तसंच हेही शिकला. चांगला वेटर होता तो.

हॉलमधल्या पोरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. गाडीची टीप ज्याची त्याची असल्यामुळे पेटीत त्यातलं काही येत नव्हतं, आणि हॉलमधलं त्याचं हसू गेल्यामुळे पेटी हलकी झाली होती. आमचे आचारी हमीदभाई दिघीचे, जिभेला मसाला जरा जास्तच. जेवायला बसल्यावर म्हणाले, "दिन्या, ते थोबाड रविवारच्या दिवशी भाड्याने देतोस का? माझ्या मेव्हण्याला पाहिजे."

सगळे हसले. दिनेशही हसला, अर्धा.

"देतो की," तो म्हणाला. "पन डोला उघडा ठेवून झोपायला लागंल त्याला. जमंल?"

हमीदभाईंनी हसणं थांबवलं आणि त्याच्या ताटात स्वतःच्या वाट्याची माशाची तुकडी टाकली.

सुनीता मला भेटायला आली ती याच सुमाराला. बोर्लीच्या बाजारातून परस्पर आली होती, हातात भाजीची पिशवी. रिसॉर्टच्या आत यायला तयार नव्हती, मागच्या गेटजवळच उभी राहिली.

"नाना, तुमी सांगा त्यांना. अलिबागला दोनदाच गेले. आता जातो जातो बोलतात. त्या बाईंनी आरशासमोर तोंडाचा व्यायाम दिलाय, गाल फुगवायचे, शिट्टी मारायची. पयले करायचे. आता आरसाच फिरवून ठेवलाय भिंतीकडं."

"कंटाळला असेल."

"कंटाळले न्हायत." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरं व्हायचं न्हाय त्यांना. सीझन हाय तवर तरी न्हाय."

मी तसाच मालकांकडे गेलो. आठवड्यातून दोन दिवस भरपगारी सुट्टी, तीही तीन-चार महिने, एवढंच मागायचं होतं. मालक शांतपणे ऐकतात. ऐकण्याचं त्यांनी कुठेतरी शिक्षण घेतलं असावं. मग म्हणाले, "कॅप्टन, आपण सगळे एक कुटुंब आहोत."

"म्हणूनच म्हणतो. घरच्या माणसाला दवाखान्यात न्यावंच लागतं."

"पण मी तर ऐकतो, त्याला आता टीप जास्त मिळते. हॉलमध्ये होता त्यापेक्षा." ते हसले. "हे तुम्हीही जाणता. मग अडचण कसली?"

त्या वर्षी सगळ्यांना थोडी पगारवाढ मिळाली. दिनेशला नाही. त्याचं वर भागतंय, असं कारण तोंडी कळवण्यात आलं.

मग मी ठरवलं, आपणच न्यायचं. माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्याला जवळजवळ ओढून काढलं. त्याने लग्नातला निळा शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवलेले. दिघीला गाड्याही नेणाऱ्या बोटीत चढलो आणि वर कठड्याशी उभे राहिलो. खाली गाड्या लावून पर्यटकही वर आले होते. मी मनात भाषण जुळवत होतो. चेहरा आयुष्यभराचा, सीझन सहा महिन्यांचा, असं काहीतरी. वाचलेल्या पुस्तकांचा परिणाम.

भाषण सुरू व्हायच्या आत शेजारी उभ्या असलेल्या एक बाई दिनेशकडे बघून म्हणाल्या, "क्या हुआ भैया?" चांगल्या घरच्या, चेहरा खरोखर कळवळलेला. दिनेशकडे ना बॅग होती ना गणवेश, तो तिकीट काढून चढलेला उतारू होता. बाईंनी पर्स उघडली आणि घडी घातलेली नोट त्याच्या हातात दाबली. "रख लो. दवाई ले लेना." आणि मुलांना घेऊन पलीकडच्या कठड्याशी गेल्या.

दिनेश नोटेकडे बघत राहिला. परत करायला हात निघाला होता, मी पाहिला. तो मध्येच थांबला.

"नाना," तो म्हणाला, "सामान बी उचललं न्हाय."

माझं भाषण तिथेच संपलं. अलिबागच्या बाईंनी त्याला फैलावर घेतलं. इतके दिवस कुठे होतात, या नसेला वाट बघायची सवय नसते, आता तरी नेमाने या. त्याने मान डोलावली, शेक घेतला, त्यांच्यासमोर गाल फुगवून दाखवला. एका बाजूने वारा निघून गेला. येताना रेवदंड्याच्या स्टँडवर चहा घेतला तेव्हा तो म्हणाला, "पोरीचं पयलं वर्स निघू दे. मंग बघू."

"मग उशीर होईल."

"तुमी मालकाला इचारलं ना? काय बोलला?"

मी सांगितलं.

"मंग मालकापरीस ती बोटीवरची बाई बरी," तो म्हणाला. "इचारलं तरी तिनं."

तो पुन्हा अलिबागला गेला नाही. पावसाळ्यात रिसॉर्ट ओस पडतं, तेव्हा जाईल असं सुनीताला वाटलं होतं. पण ओस रिसॉर्टमध्ये टीप नसते, नुसता पगार असतो, आणि नुसत्या पगारात अलिबाग बसत नाही. चेहरा थोडा सुधारला, डोळा मिटायला लागला. ओठाचा कोपरा मात्र खाली राहिला तो राहिलाच. मुलगी पनवेलला नर्सिंगला गेली. या धंद्याने एका मुलीला शिकवलं असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही. मला ते अभिमानाने म्हणता येत नाही, इतकंच.

मी निवृत्त झालो. मालकांनी शाल दिली, भाषण केलं. भाषणात कुटुंब तीनदा आलं.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी आणि जावई पुण्याहून आले. जावयाला हौस, "बाबा, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंत, एक दिवस तिथे पाहुणे होऊन राहा." नको म्हणून बघितलं. राहिलो. हॉलमध्ये सगळी नवीन पोरं होती, मला ओळखणारं कुणी नव्हतं. जेवण मला चांगलं लागलं, म्हणजे हमीदभाई असावेत. त्या दिवशी दिनेशची सुट्टी असल्याचं कळलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी आधीच गाडीत मागे जाऊन बसलो. मुलगी बिल बघत होती. डिकी उघडल्याचा आवाज झाला, बॅगा ठेवल्या गेल्या. जावयाने विचारलं, "काका, काय झालं चेहऱ्याला?"

"लकवा साहेब." आवाज मी लगेच ओळखला. "लय वर्सं झाली. गरिबाचं काय, चाललंय. पोरगी शिकतेय अजून, नर्सिंगला..."

दिनेशची मुलगी शिकत नव्हती. ती पनवेलला एका इस्पितळात लागून दोन वर्षं झाली होती. सुनीता पेढे घेऊन माझ्या घरी येऊन गेली होती. दिनेशचा पगार मात्र तोच होता, आणि पोरीच्या पगाराला हात लावायचा नाही असं त्याने सुनीताला बजावलं होतं, तेही तिनेच सांगितलं होतं.

बोलता बोलता तो डिकीवरून पुढे वाकला आणि मी त्याला दिसलो.

त्याचं वाक्य तुटलं. केस पांढरे झाले होते. चांगल्या बाजूचा गाल लाल झाला, दुसरी बाजू होती तशीच. जावई हातात नोट धरून उभा. तो दिनेशकडून माझ्याकडे बघायला लागला. "बाबा, ओळखता का यांना?"

खरं बोलायचं म्हटलं तर एकच वाक्य पुरेसं होतं. आयुष्यभर मी भपका आणि थापा यांची टिंगल करत आलो. कोपऱ्यात उभं राहून हसायला मला नेहमीच आवडलं.

"ओळखतो," मी म्हणालो. "मुलगी हुशार आहे त्यांची. यंदा शेवटचं वर्ष."

जावयाने पाकीट पुन्हा उघडलं.

दिनेशने पैसे घेतले, खिशात ठेवले, डिकी हळूच लावली. मग तो माझ्या खिडकीपाशी आला. मला वाटलं, नाना म्हणेल. त्याने दोन्ही हात जोडले, मान खाली घातली, आणि पाहुण्याला करतात तसा मला नमस्कार केला.